ससा कापसाचाच का?



तुमच्या वर्गात कापसाचा ससा आहे का? असणारच! छापील बाह्यरेषा, आत चिकटवलेला कापूस, डोळ्याच्या जागी काळी टिकली. तीस मुलं, तीस ससे, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. मीही कित्येक वर्षं हेच करून घेतलं. फोटो छान येतो, पालकांच्या ग्रुपवर टाकता येतो. पण ससा जवळून पाहिलाय कुणी? माझ्या तिसरीच्या वर्गात विचारलं, तर दोन हात वर आले. शेळीचं नाव काढल्यावर मात्र अख्खा वर्ग एकदम बोलायला लागला.

म्हणून यंदा नमुना दिलाच नाही. सांगितलं, "तुमच्या ओळखीचा एक प्राणी काढा. रंगवा आणि त्यावर हवं ते चिकटवा." घोटीव कागद शाळेत होताच. घरून गोणपाट, सुतळी, भुसा, चिंध्या आल्या. एकीने मांजरीसाठी आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा आणला, कारण मांजर त्यावरच झोपायची.

एका मुलाने बैल केला होता. अंग गोणपाटाचं, वेसण सुतळीची, खाली पाण्यात कालवलेला मातकट रंग. कानावर मात्र पिवळ्या कागदाचा एक चौकोनी कपटा. मला वाटलं, चुकून चिकटला. मी तो सोलून काढला. पोरगं काही बोललं नाही. थोड्या वेळाने हळूच म्हणालं, "बाई, तो बिल्ला व्हता. सर्जाच्या कानातला."

सर्जा चैत्रात विकला होता. चारा नव्हता. आणि मी मनातल्या मनात त्याच्या नोंदीत 'नीटनेटकेपणात सुधारणा आवश्यक' लिहूनसुद्धा टाकलं होतं!

एरिक कार्ल हे नाव तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. खादाड सुरवंटाचं जगप्रसिद्ध पुस्तक, 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' (१९६९), त्यांचंच. पतंगाच्या कागदासारखा पातळ कागद ते आधी स्वतः रंगवायचे आणि मग तो कापून, चिकटवून त्यांचे सुरवंट, कोळी, किडे तयार व्हायचे. हे प्राणी आले कुठून? कार्ल यांचा जन्म १९२९ सालचा, अमेरिकेतला. लहान असताना वडील त्यांना रानात फिरायला न्यायचे. दगड उलटून, झाडाची साल उचलून खालचे जीव दाखवायचे आणि अलगद परत जागेवर ठेवायचे. कार्ल सहा वर्षांचे असताना कुटुंब जर्मनीला गेलं. पुढे महायुद्ध आलं, वडील सैन्यात गेले, रशियात कैदी झाले आणि १९४७ मध्ये परतले. आपल्या पुस्तकांतून आपण वडिलांचीच आठवण जपतो, असं कार्ल सांगत. आता त्यांचा सुरवंट बघा. बाजारात मिळणाऱ्या छापील नमुन्यातून तो निघाला असता का?

'मग मूल्यमापन कसं करायचं?' असं सहकारी विचारतात. माझं मत स्पष्ट आहे. कडा सरळ कापल्या की नाही हे नंतर बघू. आधी बघा, मुलाने कुठली वस्तू कशासाठी निवडली. वर्णनात्मक नोंदीत तेच लिहा. आणि विचारताना 'हे काय काढलंय?' असं विचारू नका, 'हा कोण?' असं विचारा. एवढ्याने फरक पडतो, करून बघा. फक्त एक जपा. मेलेल्या किंवा विकलेल्या जनावराची गोष्ट पोराला वर्गासमोर उभं करून सांगायला लावू नका. चिकटवण्यात त्याचं बरंचसं सांगून झालेलं असतं.

पालकांनो, घरी चित्र आलं की हात आवरा. वाकडा पाय सरळ करून देऊ नका. (डोळे तर अजिबात काढून देऊ नका, ते लगेच ओळखू येतात!)

तो पिवळा कपटा मी कचऱ्याच्या डब्यातून शोधून त्याला परत दिला. त्याने तो पुन्हा चिकटवला आणि त्यावर पेनाने बारीक आकडे लिहिले. चित्र भिंतीवर लावू का, असं विचारलं. नको म्हणाला. आज्याला दाखवायला घरी घेऊन गेला.