सराईतला मुक्काम

मराठीत पत्ता लिहिताना आपण सुरुवातीला 'मु. पो.' असे लिहितो. त्यातील 'मु.' म्हणजे मुक्काम. उर्दूतला 'मकाम' तो हाच. 'सराई' हा शब्दही दोन्ही भाषांत आहे. मात्र तो जपून वापरा, कारण नुसते सराई म्हटले की मराठी माणसाला लग्नसराई आठवते! मी लिहीत आहे ते मुसाफिरांच्या सराईबद्दल.

सुरतेहून निघणारा जुना व्यापारी रस्ता आपल्या खानदेशातून जात असे. नंदुरबार, थाळनेर, चोपडा, रावेर अशी गावे घेत तो बुऱ्हाणपूरला पोहोचे. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात असले, तरी फारुकी सुलतानांच्या काळात ते खानदेशच्या राजधानीचे शहर होते. तेथे भर वस्तीत अकबरी सराई आहे. नाव अकबराचे, पण ती बांधली गेली जहांगीरच्या काळात, अब्दुर्रहीम खानखानान तेथे सुभेदार असताना. ज्यांचे दोहे तुम्ही हिंदीच्या पुस्तकात वाचता, तेच हे रहीम.

सराईची रचना साधी असे. मधे मोठे अंगण, भोवती खोल्यांच्या रांगा आणि एक भव्य दरवाजा. रात्री हा दरवाजा बंद होई. मग मालाच्या गोण्या, बैल, उंट आणि माणसे, सगळी आत निर्धास्त! भठियारे जेवण रांधून देत.

इ. स. १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो याच रस्त्याने बुऱ्हाणपूरला आला. तेथील सराईत त्याला चार खोल्या मिळाल्या. त्या पाहून तो नाराज झाला. भट्टीएवढ्या लहान, वरून गोल, विटांच्या खोल्या, असे त्याने रोजनिशीत लिहिले आणि आपल्या तंबूचा आसरा घेतला. पण सगळ्याच प्रवाशांचे मत असे नव्हते. पुढे फ्रेंच प्रवासी बर्नियर याने दिल्लीत जहाँआरा बेगमने बांधलेली सराई पाहिली. अशा इमारती पॅरिसमध्ये असत्या तर नवख्या माणसाची किती सोय झाली असती, असे त्याला वाटले. दिल्लीची ती सराई १८५७ नंतर पाडण्यात आली.

आज उरलेल्या सराया, धर्मशाळा आणि मुसाफिरखाने यांचे काय करावे? जागा शहराच्या मध्यभागी, तिला सोन्याचा भाव. कोणी म्हणतात, पाडा आणि दुकाने काढा. कोणी म्हणतात, कुलूप घाला आणि बाहेर पाटी लावा. मला दोन्ही पटत नाही. ज्या खोलीत कोणी झोपत नाही, तिचे छत गळू लागले तरी ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

स्पेनच्या सरकारने १९२८ मध्ये प्रवाशांसाठी मुक्कामगृहे सुरू केली. त्यांतील कित्येक जुन्या किल्ल्यांत आणि मठांत आहेत. इराणात इस्फहान शहराच्या मध्यभागी तीनशे वर्षांपूर्वीची सराई आहे. तिचे आता मोठे हॉटेल झाले आहे. (आपल्याकडे हॉटेल म्हणजे भजी आणि चहा, तेथे राहायचे असते.) इमारत उत्तम राखली आहे, पण तेथील एका रात्रीचे भाडे तुमच्या-माझ्यासारख्याला जड जाईल. हॉटेलवाल्यांवर माझा राग नाही. भिंती सांभाळायला पैसा लागतोच.

तरीही जळगावच्या किंवा धुळ्याच्या एस. टी. स्थानकावर रात्री उशिरा पाहा. शेवटची गाडी चुकलेली, दवाखान्यात रुग्ण घेऊन आलेली माणसे बाकावर रात्र काढतात, कारण लॉजचे भाडे परवडत नाही. सराई मुळात अशांसाठीच होती. म्हणून माझे मत असे की, दर्शनी खोल्या हव्या तर महाग द्याव्यात. पण एक रांग अशा लोकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी किरकोळ भाड्यात राखून ठेवावी. खाट, दिवा, पाणी आणि स्वच्छ संडास एवढे पुरे. चुन्याच्या भिंतीवर ऑइलपेंट मात्र फासू नये. त्याने ओल आत कोंडते आणि भिंत पोखरते.

अजिंठ्याच्या सहलीला जाल तेव्हा वाटेत फर्दापूरला थोडे थांबा. तेथेही जुनी सराई आहे. तिच्या खोल्या मोजा आणि आपल्या वर्गातली किती मुले तेथे एक रात्र झोपू शकतील, याचा हिशेब वहीत मांडा.