रात्रपाळीला एकटी ठेवण्याआधी तिला शिकवा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई



मी महाडची. सरकारी रुग्णालयांत नोकरी करून परिसेविका पदावरून निवृत्त झाले. माझे मागणे एकच आहे. महाड-पोलादपूरच्या अपघात विभागात नव्याने रुजू होणाऱ्या अधिपरिचारिकेला रीतसर शिकवल्याशिवाय आणि तिची तयारी तपासल्याशिवाय रात्रपाळी एकटीच्या अंगावर टाकू नका.

आमच्या दोन तालुक्यांनी काय काय पाहिले, ते आपल्याला ठाऊक आहेच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला आणि एसटीच्या दोन गाड्या पुरात गेल्या. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळून ३० जण दगावले. २४ ऑगस्ट २०२० ला महाड शहरात पाच मजली इमारत पडली. २२ जुलै २०२१ ला तळियेवर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही तीच वेळ आली आणि महाड शहर पुराने वेढले गेले. ३ नोव्हेंबर २०२३ ला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात स्फोट होऊन ११ कामगारांचा जीव गेला. महामार्गावरचे अपघात, साप, विंचू आणि कीटकनाशक पिऊन आलेली माणसे तर बारमाही. जिल्हा रुग्णालय अलिबागला, शंभरेक किलोमीटरवर. १०८ ची गाडी कितीही लवकर निघाली, तरी पहिला तास आमच्याच रुग्णालयात जातो. आणि त्या तासात रुग्णाला पहिला हात लागतो तो बहुधा सिस्टरचा.

नवी सिस्टर कष्टाळू असते. तीन-चार वर्षे शिकून आलेली असते. पण ती शिकलेली असते वॉर्डात, जिथे रुग्णाचा केसपेपर तयार असतो, निदान लिहिलेले असते, औषधांच्या वेळा ठरलेल्या असतात. अपघात विभागात एकाच वेळी चौघे येतात. त्यांतला सर्वांत जास्त ओरडणारा सर्वांत गंभीर असतोच असे नाही. गप्प पडलेल्याकडे आधी धावावे लागते. ही नजर पुस्तकातून येत नाही. जाणत्या सिस्टरच्या शेजारी उभे राहून ती येते.

याचा सर्वांत मोठा दाखला आमच्याच मातीत आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे पटापट मरत होती. ते रुग्णाच्या खाटेशी बसून राहिले. उलटी, दरदरून घाम, थंड पडत जाणारे हातपाय, मग फुप्फुसात साचणारे पाणी, हा क्रम त्यांनी तासातासाला नोंदवला. १९८२ मध्ये ही निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे प्राझोसिन या साध्या गोळीने गंभीर रुग्णांतले मृत्यू शेकडा तीस-चाळीसवरून एक-दोनवर आले. जगाने हा उपचार महाडकडून घेतला आणि २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

आता या उपचारात सिस्टरचे काम किती आहे, ते पाहा. हातपाय ऊब धरतात का, हे वारंवार हात लावून बघायचे. गोळी दिल्यावर रुग्णाला आडवेच ठेवायचे, कारण उठवून बसवले तर बीपी एकदम उतरू शकते. घाबरलेली आई लेकराला कडेवर घ्यायला धावते, तेव्हा तिला समजावून थांबवायचे. डॉक्टर गोळी लिहून देतात. रुग्ण सकाळपर्यंत सुखरूप राहतो तो या पहाऱ्यामुळे.

सापाचेही तसेच. घोणस किंवा फुरसे चावल्यावर रक्त गोठते की नाही, हे पाहण्यासाठी काचेची कोरडी, स्वच्छ नळी लागते. त्यात थोडे रक्त घेऊन २० मिनिटे नळी मुळीच हलवायची नाही. नळी प्लास्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली, तर निष्कर्ष चुकतो आणि त्यावर पुढचे सगळे उपचार चुकतात. सापाच्या विषावरची लस सुरू केल्यावर अंगावर पित्त उठले, श्वास अडखळला, तर ॲड्रेनॅलिन हाताशी भरलेले हवे. कपाटाची किल्ली शोधायला तेव्हा वेळ नसतो. कारखान्यातून रसायन अंगावर सांडलेला कामगार आला, तर आधी त्याचे कपडे उतरवून भरपूर पाण्याने धुवायचे आणि धुणाऱ्या सिस्टरने स्वतःला जपायचे. हे तिला कोणी, कधी, कुठे शिकवायचे?

मा. मंत्रिमहोदय, सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह चालत जाऊन ते पाणी प्यायले, तोवर हक्क कागदावरच होता. तातडीच्या उपचारांचा हक्कही असाच आहे. पाटी, इमारत आणि यंत्रे आली म्हणून तो गोरगरिबाच्या पदरात पडत नाही. ती यंत्रे चालवणारे शिकलेले हात लागतात.

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत.

पहिली: अपघात विभागात रुजू झालेल्या प्रत्येक नव्या परिचारिकेला पहिले सहा आठवडे जादा म्हणून धरा. ड्युटीच्या यादीत तिला मोजू नका. तिने अनुभवी सिस्टरबरोबर काम करावे.

दुसरी: जागतिक आरोग्य संघटनेने रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीसोबत २०१८ मध्ये छोट्या रुग्णालयांतल्या डॉक्टर-परिचारिकांसाठी मूलभूत आपत्कालीन उपचारांचा अभ्यासक्रम तयार केला आहे. तो मराठीत आणा. त्याला विंचू, साप, रसायने आणि दरड यांची आमची प्रकरणे जोडा आणि वर्ग महाडमध्येच भरवा.

तिसरी: शिकवणाऱ्या परिसेविकेला त्यासाठी वेळ आणि भत्ता द्या. आपले काम सांभाळून, जमेल तेव्हा दोन गोष्टी सांगणे म्हणजे प्रशिक्षण नव्हे.

चौथी: चवदार तळ्यावर २० मार्चला आणि रायगडावर ६ जूनला लोटणारी गर्दी आधीपासून माहीत असते. पावसाळाही सांगून येतो. त्याआधी दरवर्षी डॉक्टर, परिचारिका, १०८ चे कर्मचारी, कारखाने आणि तहसील यांची एकत्र रंगीत तालीम घ्या. रुग्णाच्या गांभीर्यानुसार लाल, पिवळी, हिरवी, काळी पट्टी कोणाच्या हाताला बांधायची, हा निर्णय प्रत्येकीने निदान एकदा तालमीत तरी घेतलेला असावा.

यासाठी नवी इमारत नको, परदेशी यंत्र नको. एक शासन निर्णय, थोडी जादा पदे आणि शिकवण्याला दिलेला मान, एवढ्यावर हे काम उभे राहील. येत्या पावसाळ्यापूर्वी पहिली तुकडी शिकून तयार व्हावी, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. शिकवायला मी आणि माझ्यासारख्या निवृत्त भगिनी आनंदाने येऊ.

आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका, महाड