सायनसच्या ऑपरेशनआधी सीटी स्कॅन कशाला? कारण प्रत्येक नाकाचा नकाशा वेगळा असतो

छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरात काय किंवा मुंबईत काय, सततच्या सर्दीने हैराण माणसाला 'नाकाचं हाड वाढलंय' हे वाक्य ऐकायला मिळतंच. खरं तर हाड बहुधा वाढलेलं नसतं. मधला पडदा वाकलेला असतो किंवा आतली मांसल घडी सुजलेली असते. औषधांनी भागलं नाही, तर दुर्बिणीतून ऑपरेशनचा सल्ला मिळतो. त्याआधी सीटी स्कॅन. एवढ्याशा नाकाला स्कॅन कशाला, असं खर्च ऐकून वाटतं.

२०२१ मध्ये याचं उत्तर अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस आला आणि घाटी रुग्णालयातही त्याचे रुग्ण दाखल झाले. अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी नातेवाईक वणवण फिरत होते. पण इंजेक्शन मिळूनही भागत नव्हतं. ही बुरशी रक्तवाहिन्याच बंद पाडते. मेलेल्या भागापर्यंत रक्त पोचत नाही, मग औषध कसं पोचणार? तो भाग कापून काढावाच लागतो, तोही डोळा आणि मेंदू यांना खेटून.

आणि तिथली रचना कुणाचीच सारखी नसते. कपाळातला सायनस काहींना जन्मभर तयारच होत नाही. ज्यांना असतो, त्यांचा आकार इतका वेगवेगळा, की जुन्या एक्स-रेशी जुळवून अनोळखी मृतदेहाची ओळखसुद्धा पटवता येते.

सगळ्यात नाजूक जागा नाकाच्या छताशी आहे. मेंदूखालचा हाडाचा पन्हळ तिथे काहींमध्ये १ ते ३ मिलिमीटरच खोल असतो, काहींमध्ये ८ ते १६. केरोस या डॉक्टरांनी १९६२ मध्ये याचे तीन प्रकार मांडले. पन्हळ जितका खोल, तितकी त्याची कागदासारखी पातळ भिंत उघडी पडते. एकाच माणसात डावी-उजवी बाजूही वेगळी असू शकते. ती भिंत फुटली, तर मेंदूभोवतालचं पाणी नाकातून गळू लागतं.

मागच्या बाजूला काहींना 'ओनोडी' नावाचा जादा कप्पा असतो. डोळ्याची नस त्याला लागून, कधी त्याच्या आतूनच जाते. तो आहे हे माहीत नसेल, तर सर्जनचं अवजार दृष्टीपर्यंत पोचू शकतं. मेंदूला रक्त नेणाऱ्या धमनीवरचं हाडही काही जणांत नसतंच.

दुर्बिणीला समोरचा पृष्ठभाग दिसतो, भिंतीपलीकडचं नाही. ते स्कॅन दाखवतो. म्हणून ऑपरेशनला जाताना फक्त छापील रिपोर्ट पुरत नाही. फिल्म किंवा सीडीही सोबत हवी. पूर्वी ऑपरेशन झालेलं असेल तर तेही सांगायला हवं, कारण ओळखीच्या खुणांपैकी काही हाडं तेव्हाच काढलेली असतात आणि जुना स्कॅन त्या नाकाचा राहिलेला नसतो.