मागच्या बाकावरची वही
अमेरिकेत ‘मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हिंग’ या संघटनेचे स्वयंसेवक कोर्टात मागच्या बाकावर वही घेऊन बसतात. बोलत काहीच नाहीत. पुढची तारीख का पडली, पोलीस साक्षीला आला का, दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप तडजोडीत नुसत्या बेदरकारपणावर कसा उतरला, एवढंच टिपतात. १९८० साली संघटना काढणाऱ्या कँडेस लाइटनर यांच्या १३ वर्षांच्या मुलीला ज्याने उडवलं, तो याच गुन्ह्यात आधीही पकडला गेला होता! असं वही घेऊन बसल्याने न्यायाधीशांवर दबाव येतो, असा आक्षेप घेतला जातो. मला तो पटत नाही. निकाल नियमाने दिला असेल तर वहीची भीती कसली? आपली फौजदारी न्यायालयंही कायद्याने खुलीच आहेत. एखादी सकाळ काढा आणि जाऊन बसा.