दुखणे घरी येते, त्याचा कागद येत नाही
आतड्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनोपचाराबाबत रांझी परिसरातील रहिवाशांचे मागणीपत्र

प्रति,
जिल्हाधिकारी, जबलपूर, मुख्य चिकित्सा एवं स्वास्थ्य अधिकारी, जबलपूर, सीजीएचएस, जबलपूर, तसेच कारखान्यांच्या रुग्णालयांचे प्रमुख

महोदय,

रांझीत एकाच गल्लीत तीन प्रकारची कार्डे सापडतात. निवृत्तांकडे बहुधा सीजीएचएस या केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे, कामावर असलेल्यांकडे कारखान्याच्या रुग्णालयाचे आणि कंत्राटी मजूर, भाजीवाले, ऑटोवाले यांच्याकडे आयुष्मानचे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या झाल्या आणि व्हीकल फॅक्टरी, खमरिया व गन कॅरेज हे इथले तीन कारखाने तीन निरनिराळ्या कंपन्यांकडे गेले. शेजारी मात्र तेच राहिले. त्यांच्यापैकी कुणाचे आतड्याच्या कॅन्सरचे ऑपरेशन होते, कुणाच्या आतड्याला पीळ पडतो, कुणाचे आतडे टीबीने अरुंद होऊन तुकडा काढावा लागतो. ऑपरेशन कोणत्याही कार्डावर होवो, घरी आल्यावरचे पहिले पंधरा दिवस सगळ्यांचे सारखेच जातात. हे मागणीपत्र त्या दिवसांबद्दल आहे.

कार्यालयासाठी हिंदी प्रत सोबत जोडली आहे. ही मराठी प्रत आमच्या मराठी घरांसाठी. गोळ्या मोजून देण्याचे काम ज्या बायका करतात, त्यांच्याशी बोलूनच मागण्या ठरल्या आहेत, आणि खरे सांगायचे तर निम्म्या मागण्या त्यांनीच सुचवल्या.

सर्जनांबद्दल आमची तक्रार नाही. आतडे कापून जोडणे हे कसबाचे काम आहे आणि ते होते. अडचण सुरू होते ती सुटी मिळाल्यावर. हातात डिस्चार्ज कार्ड येते. त्यावर इंग्रजीत पाच-सहा औषधे आणि दुखण्याच्या गोळीपुढे ‘एसओएस’. म्हणजे लागेल तेव्हा. पण लागेल म्हणजे किती दुखल्यावर? दिवसातून किती वेळा? जेवणाआधी की नंतर? आणि दोन गोळ्यांनीही ठणका थांबला नाही तर कुणाला विचारायचे? या प्रश्नांची उत्तरे गल्लीतला अनुभवी माणूस देतो किंवा औषधाच्या दुकानातला मुलगा देतो. दोघेही मनाने चांगले असतात. पण हे त्यांचे काम नव्हे.

दुखणे सोसण्यात आमच्याकडे मर्दुमकी मानली जाते. ज्याने तीस वर्षे लेथवर उभे राहून काढली, तो पोटावर वीतभर चीर असताना ‘काही नाही, चालतंय’ असेच म्हणणार. पण दुखते म्हणून जो खोकत नाही, त्याच्या फुप्फुसात कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. दुखते म्हणून जो पलंगावरून उठत नाही, त्याच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. ती फुप्फुसात गेली तर जीव घेते. चालणे-फिरणे सुरू झाले की आतडेही लवकर हलू लागते, वारा सरतो, भूक लागते. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात हेच करून दाखवले: वेदना वेगवेगळ्या मार्गांनी आटोक्यात ठेवा, रुग्णाला लवकर खायला द्या, लवकर चालवा, म्हणजे तो लवकर घरी जातो. ती पद्धत आज जगभर वापरली जाते. तिचा एक परिणाम असा, की वॉर्डात काढायचे दुखणे आता रुग्ण घरी येऊन काढतो. त्याला लवकर घरी पाठवणे योग्यच, पण मग वेदनेचा आराखडाही त्याच्याबरोबर घरी आला पाहिजे.

मागणी पहिली: प्रत्येक रुग्णाला सुटीच्या वेळी वेदनेचे वेळापत्रक हिंदीत, मोठ्या अक्षरांत, एका पानावर द्यावे. त्यात सकाळी, दुपारी, रात्री काय, कोणती गोळी नियमाने आणि कोणती फक्त जास्त दुखल्यावर, कोणती आधी बंद करायची, कोणती शेवटी, हे असावे. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्ये एमबीबीएसच्या हिंदी पुस्तकांचे प्रकाशन झाले. ज्या राज्यात शरीरशास्त्र हिंदीत शिकवता येते, तिथे एक पान हिंदीत लिहिणे कठीण नसावे.

या पानाची खरी गरज का, ते एका हिशेबाने सांगतो. पॅरासिटामॉल नीट मापात घेतले तर फार कामाचे औषध. पण तेच नाव तीन पाकिटांत लपलेले असते. नुसती ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा म्हणजे २६००. ट्रॅमाडॉलबरोबरच्या जोडगोळीत ३२५, ती तीन वेळा म्हणजे ९७५. ॲसेक्लोफेनॅकबरोबरच्या जोडगोळीतही ३२५, तीही तीन वेळा, आणखी ९७५. बेरीज ४५५० मिलिग्रॅम. धडधाकट प्रौढाची दिवसाची कमाल मर्यादा ४००० मानतात, आणि ऑपरेशनने वजन उतरलेल्या, यकृत कमजोर असलेल्या माणसाला त्याहून कमीच द्यायचे असते. घरातल्या बाईने तिन्ही चिठ्ठ्या प्रामाणिकपणे पाळल्या, तर नुकसान तिच्या प्रामाणिकपणानेच होईल. म्हणून गोळीचे ब्रँडचे नाव लिहिले तरी शेजारी आतले औषध लिहिलेच पाहिजे, आणि ऑपरेशनपूर्वी चालू असलेल्या बीपी, मधुमेह, झोप वा उदासीनतेच्या गोळ्यांची यादीही त्याच पानावर हवी. उदासीनतेच्या काही गोळ्यांचे ट्रॅमाडॉलशी जमत नाही. झटके येण्याचा धोका वाढतो. आतड्याच्या दाहासाठी स्टेरॉइड चालू असेल तर ते अचानक बंद करायचे नसते, हेही स्पष्ट लिहावे.

मागणी दुसरी: ज्यांच्या पोटावर शौचाची पिशवी आहे, त्यांच्यासाठी वेगळे पान. हा विषय लाजेने दबला जातो, म्हणून आम्ही तो मुद्दाम सविस्तर मांडतो. लहान आतडे पोटावर काढलेले असेल, तर हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कधी कधी अख्ख्याच पिशवीत पडतात. घरच्यांना वाटते औषध दिले. रुग्णाला ते मिळालेलेच नसते. अशांना साधी गोळी किंवा पातळ औषध लिहावे. दुसरे म्हणजे पाणी. अशा पिशवीतून पाणी आणि मीठ सतत बाहेर जाते. जबलपूरचा मे महिना आपल्याला माहीत आहे. त्यात शरीरातले पाणी कमी झालेले, वर डायक्लोफेनॅकसारखी गोळी आणि बीपीचे औषध, या तिन्हींनी मिळून मूत्रपिंड बसू शकते. ओआरएस केव्हा व किती, पिशवी किती वेळा भरली तर फोन करायचा, हे त्या पानावर असावे. गुदद्वारासह खालचा भाग काढलेल्या काही रुग्णांना तो भाग नसतानाही शौचाची कळ येते. लोक त्याला मनाचा खेळ म्हणतात. तो मनाचा खेळ नाही. कापलेल्या नसांशी त्याचा संबंध असतो आणि त्याची औषधे नेहमीच्या पेनकिलरपेक्षा निराळी असतात. एवढे वाक्य जरी कुणी आधी सांगितले, तरी माणसाची निम्मी भीती जाते.

मागणी तिसरी, आणि आमच्या मते सर्वांत निकडीची: एक फोन नंबर, जो रात्रीही उचलला जाईल. दुखणे कमी करायचे खरे, पण दुखणे निरोपही देत असते. दिवसागणिक उतरणारी वेदना अचानक चढू लागली, बरोबर ताप, जोरात चालणारी नाडी, फुगलेले पोट, उलट्या असतील तर आतड्याचा जोड सुटला असण्याची शंका घ्यावी लागते. अशा वेळी आणखी एक गोळी देऊन सकाळची वाट पाहणे जिवावर बेतते. शिकलेली नर्स हे फरक फोनवर दोन-चार प्रश्नांत ओळखू शकते.

मात्र फोनने सगळे भागणार नाही, हेही आम्ही जाणतो. ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ पासून एनडीपीएस या अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे आणि २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन सूचनांनुसार त्या कायद्यातली औषधे दूरवरून लिहून देता येत नाहीत. नियमामागचे कारण आम्हाला पटते. नशेच्या गोळ्यांचा त्रास याच वस्तीने पाहिला आहे. पण परिणाम असा, की ताज्या टाक्यांचा माणूस ऑटोत बसून, खड्ड्यागणिक पोट धरत, रांझीहून शहराच्या दुसऱ्या टोकाला गढ्याच्या रुग्णालयापर्यंत केवळ चिठ्ठीसाठी जातो. यावर उपाय सोपा आहे. सर्जनने आखून दिलेल्या लेखी आराखड्यावर, रुग्णाला प्रत्यक्ष तपासून, रांझीच्या सिव्हिल हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने ती चिठ्ठी मोजक्या दिवसांसाठी पुढे चालवावी. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, आदेश काढावा लागतो.

मागणी चौथी मॉर्फिनची. हे नाव काढले की सगळे दचकतात. ऑपरेशननंतरच्या बहुतेक रुग्णांना घरी मॉर्फिन लागत नाही. उलट ते आतड्याची हालचाल मंद करते, बद्धकोष्ठ करते. म्हणूनच वॉर्डात कण्यातून वा पोटाच्या भिंतीत सुन्न करण्याचे उपाय आणि साधी औषधे आधी वापरावीत, भूलतज्ज्ञांनी रोज वेदनेची फेरी घ्यावी, असे आम्ही म्हणतो. पण ज्याचा कॅन्सर पसरलेला आहे, ज्याचे ऑपरेशन केवळ अडथळा दूर करण्यापुरते झाले, त्याचे काय? एनडीपीएस कायद्याच्या २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह काही औषधे अत्यावश्यक अंमली औषधे ठरली, आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेला ती ठेवण्यासाठी अनेक परवान्यांऐवजी राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरेशी झाली. अफू आपल्या राज्यातल्या मंदसौर-नीमचच्या शेतात परवान्याने पिकते, नीमचला सरकारचा अफू व अल्कलॉइड कारखाना आहे, केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. म्हणजे पीक इथले, कारखाना इथला, पहारेकरीही इथलाच. जबलपूर जिल्ह्यातल्या कोणकोणत्या संस्थांना ही मान्यता आहे आणि कुठे साठा आहे, याची यादी जाहीर करावी व रांझीच्या बाजूला किमान एक केंद्र असावे. अमेरिकेत १९९६ पासून ऑक्सिकॉन्टिन या अफूवर्गीय वेदनाशामक गोळीची ज्या रीतीने विक्री झाली, तिचे व्यसनाचे फळ जगाने पाहिले. आम्हाला ती वाट नको. आम्ही मोजलेल्या गोळ्या, नोंदवही आणि उरलेल्या गोळ्या परत घेण्याची सोय मागतो. केरळने २००८ मध्ये वेदनाशामक सेवेचे धोरण केले, नर्स घरोघरी जाऊ लागल्या. तिथे जमते ते इथे का जमू नये, याचे लेखी उत्तर मिळावे.

मागणी पाचवी पैशाची. आयुष्मान योजनेत सुटीनंतरच्या १५ दिवसांपर्यंतचा औषधखर्च धरलेला आहे. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनमधून माणूस सावरायला सहा-आठ आठवडे सहज लागतात, पिशवी तर महिनोन्‌महिने राहते. सोळाव्या दिवसापासूनच्या गोळ्या आणि पिशव्या जिल्हा पातळीवर मोफत द्याव्यात. सीजीएचएस व कारखान्यांच्या रुग्णालयांनीही या वस्तूंसाठी दर खेपेला नवी मंजुरी मागू नये. कामावर परतणाऱ्याला हलके काम देण्याचा दाखला त्याच कागदांसोबत मिळावा. वजन उचलायचे नाही असे डॉक्टर सांगतो, पण फोरमनला कागद लागतो.

या मागण्यांपैकी पहिल्या दोहोंना जवळजवळ काहीच खर्च नाही. त्या पानांचा मसुदा आम्ही तयार केला आहे. औषधांच्या मात्रा मुद्दाम कोऱ्या ठेवल्या आहेत, त्या डॉक्टरांनीच भरायच्या. आपण बैठकीची तारीख द्यावी. सर्जन, भूलतज्ज्ञ, वॉर्डातली नर्स आणि औषध निरीक्षक हे चौघे एकाच टेबलाशी असतील अशीच तारीख द्यावी. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवले, की आमचा माणूस पुन्हा ऑटोत बसतो.

आपले,
रांझी परिसरातील निवृत्त कामगार व रुग्णांची कुटुंबे