हात उगारण्यात कसली मर्दुमकी?



बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला लोक धाकटी पंढरी म्हणतात. गडावर गेलेला गडी समोरच्या अनोळखी माणसाला ‘माऊली’ म्हणतो, त्याच्या पाया पडतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. मग कालवण खारट झालं म्हणून घरी बायकोवर हात उगारताना ही माऊली जाते कुठं?

मंडळी, हा धडा आपणच देतो. पोरगं रडलं की ‘बायकांसारखा रडतोस काय?’ म्हणतो. लग्न झालं की ‘बायकोला धाकात ठेव’ म्हणतो. तिचा सल्ला ऐकला, तर ‘ताटाखालचं मांजर’ म्हणून पारावर हसतो. मग धाक म्हणजेच पुरुषपणा, असं त्याच्या मनात बसतं.

२०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत लोकांना सात कारणं विचारली होती. न सांगता बाहेर जाणं, स्वयंपाक नीट न करणं, उलटून बोलणं, सासू-सासऱ्यांचा मान न ठेवणं, अशी ती होती. निदान एका कारणासाठी बायकोला मारणं रास्त, असं देशात शंभरांतल्या ४४ पुरुषांनी सांगितलं. आणि बायकांनी? ४५! म्हणजे मार खाणारीलाही चूक आपलीच वाटते. सुनेला ‘सोसायचं असतं बाई’ सांगणाऱ्या सासूबाईंनी आणि आईनंही याचा विचार करावा.

आपल्या भागातून ऊसतोडीला जोडपी जातात. मुकादम नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतो. तो ऊस तोडतो. ती मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, शिवाय भाकरीही तीच थापते. निम्मा कोयता तिचा, मग निम्मा मान का नसावा?

पुरुष बदलू शकतात. बायको मारण्यासाठी नाही असं मानणाऱ्या पुरुषांनी पुढं यावं, अशी जाहिरात १९९१ साली मुंबईच्या एका पत्रकारानं दिली. त्यातूनच १९९३ साली ‘मावा’ ही पुरुषांची संस्था उभी राहिली.

भगिनींनो, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा तुमच्या पाठीशी आहे. राहत्या घरातून तुम्हाला मनमानीनं हाकलता येत नाही. मदतीसाठी १८१ क्रमांकावर फोन करा किंवा तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा.

आणि बंधूंनो, राग आला तर उठून शिवारात एक चक्कर मारून या. उंबऱ्यावर बसलेलं तुमचं पोरगं सारं बघत असतं. उद्या तेही तसंच वागणार आहे.