तेल एप्रिलमध्ये नाही, आत्ताच बदला!

"हिवाळाभर बोट झाकूनच ठेवायची, मग आत्ता नवं तेल कशाला? एप्रिलमध्ये बदलू की!" इथे मिशिगनमध्ये दर ऑक्टोबरला हा शहाणपणा ऐकतो आणि दरवर्षी डोकं फिरतं.

मंडळी, इंजिन बंद म्हणून तेल गप्प बसत नाही. उन्हाळाभर जळलेल्या इंधनातून त्यात काजळी, पाणी आणि आम्लं उतरलेली असतात. रोज इंजिन तापतं तोवर पाणी उडून तरी जातं. पण पाच-सहा महिने थंड पडलेल्या इंजिनात हाच काढा बेअरिंगना निवांत खात बसतो. तेलाचे पैसे वाचवून इंजिन घालवायचं, ही कसली काटकसर?

करायचं एवढंच: इंजिन गरम करा, म्हणजे घाण तेलाबरोबर बाहेर येते. तेल काढा, फिल्टरही बदला. मग कूलिंगचं पाणी जोडून काही मिनिटं चालवा, नवं तेल सगळीकडे पोचू दे. पाणी काढणं, अँटिफ्रीझ वगैरे त्यानंतर.

दुसरं टोक म्हणजे वसंतात हेच कोरं तेल "जुनं झालं" म्हणून ओतून देणारे. अहो, ते दूध आहे का नासायला? डिपस्टिक बघा. तेल दुधाळ दिसलं तर मात्र आत पाणी शिरलंय, कदाचित ब्लॉक तडकलाय. स्टार्टरला हात लावू नका. स्वच्छ असेल तर खुशाल पाण्यात उतरा.

बग माहीत असताना कोड फ्रीज केलेला ऑफिसात चालतो का आपल्याला? मग बोटीला का?